दुभत्या गाईच्या लाथा

लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, कोड लिहायचा, तर ओळ आत किती सरकवायची याचा नियम आहे. टॅब वापरायचा, आणि टॅब म्हणजे आठ अक्षरांची जागा. महिरपी कंस कुठे उघडायचा, नावं लहान अक्षरांत की मोठ्या, ओळ किती लांब (आधी ८० अक्षरं, २०२० पासून १०० पर्यंत चालवून घेतात), हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. नियम पाळलेत की नाही ते तपासणारी ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्टही आहे.

समोरच्या माणसाशी कसं बोलायचं, याचा धड नियम यायला मात्र २०१८ साल उजाडलं. कर्नलचा जन्म १९९१चा. टॅबची रुंदी केव्हाच ठरली होती. माणसांशी वागायची रीत २७ वर्षं वाऱ्यावर होती.

‘आम्ही तांत्रिक माणसं, आम्हाला आचारसंहितेत बांधू नका’ असं ओपन सोर्सच्या जगात अजूनही ठामपणे सांगणारे लोक आहेत, म्हणून हे आधी सांगितलं. या मंडळींइतकं नियमांवर प्रेम करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. लायसन्सच्या एका शब्दावरून ते महिनोन् महिने भांडतात. एका मोकळ्या जागेवरून पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, परत पाठवतात. नियमांचं त्यांना वावडं नाहीच. स्वतःच्या जिभेला नियम लावायचं तेवढं वावडं आहे.

एक प्रसंग जरा जवळून बघा. २३ डिसेंबर २०१२. कर्नलमधल्या एका बदलामुळे एका ठिकाणी वेगळाच एरर कोड यायला लागला आणि लोकांच्या मशीनवरचे आवाजाचे काही प्रोग्रॅम बिघडले. त्या विभागाच्या अनुभवी मेंटेनरने, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याने, मत दिलं की चूक कर्नलची दिसत नाही, त्या प्रोग्रॅमचीच दिसते. त्यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जगासमोर उत्तर दिलं. पहिल्याच ओळीत नाव घेऊन, मोठ्या अक्षरांत, शिवीसकट ‘तोंड बंद कर’. मग, तू किती वर्षं मेंटेनर आहेस आणि पहिला नियम अजून शिकला नाहीस? तो नियम असा : कर्नलमधल्या बदलामुळे वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम कधीही मोडता कामा नये.

नियम सोळा आणे खरा. या एका हट्टामुळे लिनक्सवर जगाचा विश्वास बसला. कुणीतरी, कुठेतरी, आपल्या कर्नलवर भरवसा ठेवून एक प्रोग्रॅम लिहिला असेल. तो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, त्याचा प्रोग्रॅम कदाचित आपल्याच जुन्या चुकीवर उभा असेल, तरी त्याचं काम आपल्या हातून बिघडू द्यायचं नाही. दुसऱ्याची इतकी फिकीर फार थोडे करतात. आणि त्याच ईमेलमध्ये, ज्या माणसाने वर्षानुवर्षं शेजारी बसावं तसं काम केलं, त्याचा चारचौघांत पाणउतारा. न पाहिलेल्या वापरकर्त्याला अभय आणि रोजच्या सहकाऱ्याला शिवी! त्या पत्रातल्या शिव्या खोडून टाका आणि पुन्हा वाचा. तांत्रिक मुद्दा जसाच्या तसा उरतो. शिव्यांनी त्यात काडीची भर घातलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१३मध्ये, कर्नलमधल्या एका सहकाऱ्याने हे तोंडावर सांगितलं. सेज शार्प. तेव्हा इंटेलमध्ये होते आणि लिनक्समधला यूएसबी ३.०चा ड्रायव्हर त्यांनी लिहिलेला. आज पेन ड्राइव्ह लावला की चालतो, त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांतलं हे एक नाव. शार्प यांनी सर्वांसमोर म्हटलं की शिवीगाळ आणि धमकावणी चालणार नाही. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की, मी घरी बाथरोब घालून काम करतो, ऑफिससारखा टाय लावणार नाही, आणि ऑफिसातला खोटा सभ्यपणाही अंगाला लावून घेणार नाही.

या उत्तराला तेव्हा पुष्कळ टाळ्या पडल्या. मला ते उत्तर पळवाटीचं वाटतं. टाय न घालणं आणि दुसऱ्याला तुडवणं यांचा संबंध काय? बाथरोबमध्ये बसूनही माणसाला ‘इथे चुकलंय, असं कर’ म्हणता येतं. खोटं गोड बोलू नका, हे मान्य. पण शिवी दिली म्हणजे खरं बोललं, हे कुठून आलं?

शार्प यांनी कर्नलचं काम सोडलं आणि ऑक्टोबर २०१५मध्ये कारणं जाहीरपणे लिहिली. यूएसबीचा तज्ज्ञ गेला. कर्नल थांबला नाही, आणि याच एका गोष्टीवर सगळे निर्धास्त होते : बघा, काही अडलं का?

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपल्याकडे म्हणतात. ओपन सोर्समध्ये या न्यायाने तीस वर्षं कारभार चालला. माणूस हुशार आहे ना, कोड उत्तम लिहितो ना, मग बोलेना का काही! दूध रोज मोजलं जात होतं, ते दिसत होतं. लाथा बसून जे गोठ्यातून निघून गेले त्यांचं दूध कुणी मोजलं? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक ओळ कुणी, कोणत्या तारखेला लिहिली हे एका आज्ञेसरशी कळतं. जी ओळ कुणी लिहिलीच नाही, जो पॅच टाइप करून शेवटी भीतीने पाठवलाच नाही, त्याची नोंद गिटमध्ये नसते.

थोडीफार नोंद सापडते ती पाहणीत. गिटहबने २०१७ साली ओपन सोर्समधल्या लोकांना विचारलं. निम्म्या लोकांनी दुसऱ्याशी वाईट वागलेलं पाहिलं होतं, १८ टक्क्यांनी स्वतः भोगलं होतं. आणि ज्यांनी पाहिलं किंवा भोगलं, त्यांच्यातल्या २१ टक्क्यांनी त्या प्रकल्पावर काम करणं सोडलं. म्हणजे शंभरात एकवीस. कुठल्याही कंपनीत एका वरिष्ठाच्या तोंडामुळे इतकी माणसं गेली असती, तर त्या वरिष्ठाला बोलावून विचारलं असतं. इथे बोलावणारं कुणी नव्हतं. त्याच पाहणीत उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते आणि बायका अवघ्या ३ टक्के. त्या ९५ टक्क्यांपैकी कुणी म्हणालं की आमच्याकडे दार सगळ्यांना उघडं आहे, तर दार उघडं असतंच. आत आल्यावर काय ऐकायला मिळतं ते विचारा.

मार्च २०१५मध्ये कर्नलने एक छोटा कागद तयार केला. नाव काय ठेवलं? ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’, भांडणाची संहिता. तुमच्या कोडवर कठोर टीका होईल, ती सोसायची तयारी ठेवा, हे आधी. मग, कुणाला वैयक्तिक छळ झाल्यासारखा वाटला तर तांत्रिक सल्लागार मंडळाकडे या. काय केलं तर छळ, तक्रार आल्यावर काय होणार, कोण किती दिवसांत बघणार, यातलं काही नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच सगळ्यांत वर बसलेला असेल तर काय, याबद्दल तर अवाक्षर नाही. असा कागद नसता तर निदान लोकांची समजूत तरी झाली नसती की काहीतरी केलंय.

१६ सप्टेंबर २०१८ला टोरवाल्ड्स यांनी ४.१९च्या चाचणी आवृत्तीच्या निवेदनातच माफी मागितली. आपण ईमेलमधून केलेले हल्ले अव्यावसायिक होते, त्यांची गरज नव्हती, असं स्पष्ट लिहिलं. लोकांच्या भावना कशा समजून घ्यायच्या यासाठी मदत घेणार म्हणून सुट्टीवर गेले आणि कर्नल तात्पुरता ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या हाती दिला. जगातली एवढी मोठी गोष्ट ज्याने उभी केली त्या माणसाने वयाच्या ४८व्या वर्षी सर्वांसमोर हे म्हणावं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच सुमारास भांडणाची संहिता काढून तिच्या जागी कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४मध्ये लिहिलेल्या ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनन्ट’वर बेतलेली आचारसंहिता आली.

मग आरडाओरडा सुरू झाला. गुणवत्ता संपली, राजकारण शिरलं, आता कोडपेक्षा भावना बघणार! काहींनी तर आपला आधी दिलेला कोड परत घेऊ, अशा धमक्या दिल्या. काय झालं? ४.१९ आलं. टोरवाल्ड्स महिन्याभराने परत आले. पुढच्या आवृत्त्या दर नऊ-दहा आठवड्यांनी येत राहिल्या. २०२२ अखेरच्या ६.१मध्ये तर रस्ट या दुसऱ्या भाषेला कर्नलमध्ये पहिली जागा मिळाली. ज्यांनी प्रलय सांगितला होता त्यांच्यापैकी कुणी पुढे येऊन ‘आमचं चुकलं’ म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

टोरवाल्ड्स मऊ झालेत असं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये उशिरा आलेल्या एका पुल रिक्वेस्टला, म्हणजे कोड सामावून घ्यायच्या विनंतीला, त्यांनी सरळ ‘गार्बेज’ म्हटलं. शब्द मला नाही आवडला. पण कचरा म्हटलं ते कोडला, आणि का, तेही सांगितलं : वेळ टळून गेल्यावर पाठवलीत, आणि त्यातलं एक फंक्शन वाचणाऱ्याला मदत करण्याऐवजी गोंधळात टाकतं. वाचणाऱ्याला राग येईल, पण काय सुधारायचं तेही कळेल. २०१२च्या पत्रात आणि या पत्रात मोठं अंतर आहे.

आता ज्यांना अजून वाटतं की हा सगळा नाजूक मनांचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी २०२४ची गोष्ट. ती जरा सविस्तरच सांगायला हवी.

एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करण्याचं साधन आहे. तुम्ही नाव ऐकलेलं नसेल, पण लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर ते असतं. बँका, रेल्वे, सरकारी साइट, सगळ्यांच्या पोटात. ते सांभाळत होता फिनलंडमधला एक माणूस, फावल्या वेळात, पगाराशिवाय. २०२२मध्ये त्याच्यावर ओरडणारे लोक उगवले. पॅच अडकलेत, तुझं लक्ष नाही, तुला रस उरला नसेल तर दुसऱ्याला दे. त्या माणसाने उत्तर दिलं ते वाचून आजही कसंसं होतं : रस गेलेला नाही, पण बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याचा त्रास आहे, शिवाय हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लक्षात ठेवा. त्यावरही उत्तर काय आलं? तुझ्या तब्येतीचं वाईट वाटतं, पण लोकांना याहून जास्त हवंय.

हे सगळं चाललं असताना ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस मात्र कायम हजर. शांत, सभ्य, कामसू. दमलेल्या माणसाने हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, त्याने ५.६.० या आवृत्तीत चोरदार बसवलं. सर्व्हरवर दुरून शिरण्यासाठी जे एसएसएच वापरतात, त्यालाच भोक. ते पकडलं ते केवळ मायक्रोसॉफ्टमधले पोस्टग्रेसचे डेव्हलपर आन्द्रेस फ्रॉइंड यांच्या चिकाटीमुळे. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांनी सोडलं नाही, आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. ओरडणारी ती खाती नंतर कुठेच दिसली नाहीत. ती याच कटातली बनावट खाती असावीत, असं सुरक्षा क्षेत्रातल्या जाणकारांचं मत आहे.

म्हणजे बघा. ज्याने कुणी हा कट रचला, त्याने आधी एन्क्रिप्शन फोडायचा प्रयत्न केला नाही. आधी एका एकट्या, थकलेल्या माणसाचा धीर फोडला. त्यासाठी त्याने वापरलं काय, तर मेंटेनरवर खेकसणं, जे त्या जगात इतकं रोजचं होतं की त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. त्या वेळी तिथे एक जरी तिसरा माणूस असता, ज्याचं कामच होतं ‘या माणसाशी असं बोलायचं नाही, पुढचं पत्र आलं तर तुम्हाला बंदी’ असं म्हणणं, तर? खात्रीने थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण इतकं स्वस्तात साधलं नसतं, एवढं नक्की. ज्यांना सभ्यपणा हा वरचा मुलामा वाटतो, त्यांनी एक्सझेडचा तो सगळा पत्रव्यवहार वाचावा. तो सुरक्षेच्याच खात्यात मांडायला हवा.

तेव्हा आचारसंहितेची फाइल असणं पुरेसं नाही, ती चालवणारं कुणीतरी लागतं. ग्नू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये त्या प्रकल्पासाठी प्रेमळ संवादाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांतलं बरंचसं वाचण्यासारखं आहे, समोरच्याचा हेतू चांगला धरून चाला वगैरे. पण ती मुद्दामच नियम म्हणून लिहिलेली नाहीत. न पाळणाऱ्याचं काहीच होत नाही. ज्यांना सांगायची गरज नव्हती त्यांनी ती पाळली असतील.

आणि चालवणाऱ्याच्या हातात वरपर्यंत पोचायची ताकद लागते. रस्टचं उदाहरण घ्या. या भाषेच्या समाजात पहिल्यापासून आचारसंहिता, पुढे स्वतंत्र मॉडरेशन टीम, सगळं नीटनेटकं. त्याचं कौतुकही व्हायचं. नोव्हेंबर २०२१मध्ये ती अख्खी टीम एकदम राजीनामा देऊन बाहेर पडली. कारण एकच दिलं : कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाही उत्तरदायी नाही, त्यामुळे आम्ही संहिता सर्वांना सारखी लावू शकत नाही. नवख्याला ताकीद देता येत होती, वरच्यांना नाही. त्या लोकांनी खुर्ची अडवून न बसता सत्य सांगितलं आणि त्यामुळे रस्टला पुढे कारभाराची घडी नव्याने बसवावी लागली. माझ्या मते ओपन सोर्समध्ये आचारसंहितेसाठी कुणी केलेलं हे सगळ्यांत धाडसाचं काम आहे.

कर्नलची खरी परीक्षाही अशीच झाली. बीकॅशेएफएस ही नवी फाइल सिस्टिम. तिच्या लेखकाने वर्षानुवर्षं खपून ती कर्नलमध्ये आणली, तिचा वापर करणारे लोक होते. मतभेदाच्या भरात त्याने एका सहकाऱ्याला सर्वांसमोर, डोकं तपासून घे अशा अर्थाचं आणि शिवीसह लिहिलं. कर्नलच्या आचारसंहिता समितीने जाहीर माफी मागायला सांगितलं, ते जमलं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये निर्णय झाला : ६.१३च्या पूर्ण फेरीत त्याची एकही पुल रिक्वेस्ट घ्यायची नाही. यात नुकसान झालं, आणि ते ज्यांनी शिवी दिली नव्हती त्या वापरणाऱ्यांचंही झालं. दुरुस्त्या लांबल्या. हा हिशेब सोपा नाही आणि ज्यांनी तो केला त्यांना तो सोपा वाटला असेल असं मला वाटत नाही. तरी निर्णय योग्य होता, असंच माझं मत आहे. दूध देणाऱ्यालाही नियम लागतो, हे एकदा सर्वांना दिसावं लागतं. तोवर फाइलमधला प्रत्येक शब्द फुकटचा.

आपल्याकडे वळू. पुण्यात रेड हॅटसारख्या कंपन्यांत माणसं पगार घेऊन हे काम करतात; आणि नाशिक, सांगली, नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या उपक्रमांच्या वाटेने त्यात शिरतात. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायची सवय असलेलं पोर पहिला पॅच पाठवतं, आणि तिकडून भर चौकात झापलं जातं. ते उत्तर पुसलं जात नाही. पाच वर्षांनी मुलाखत घेणाऱ्याने नाव शोधलं तरी तेच वर येतं. घरी सांगावं तर कुणाला कळणार? अशी मुलं गप्प बसतात, आणि त्यांच्या गप्प बसण्याला त्यांचे शिक्षकच ‘टिकाव लागला नाही’ म्हणतात. शिव्या खाऊन आम्ही घडलो, ही फुशारकी मला मराठी इंजिनिअरांच्या तोंडून फार वेळा ऐकू येते. शिव्या खाऊनही तुम्ही टिकलात, हे तुमचं कौतुक आहे, शिव्यांचं नाही.

पण त्याच मुलांना एक गोष्ट सुनावायलाच हवी. २०२४च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कवर पुल रिक्वेस्टचा पूर आला. रीडमीच्या फाइलमध्ये आपलं नाव घालायचं, बाकी काही नाही. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब धड्यात सराव म्हणून तेवढंच करून दाखवलं होतं आणि बघणाऱ्यांनी खऱ्या प्रकल्पावर जसंच्या तसं केलं. प्रत्येक रिक्वेस्ट मेंटेनरला हाताने उघडून बंद करावी लागते. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या संध्याकाळी आपल्या रिझ्युमेच्या एका ओळीसाठी खायच्या, हाही अपमानच आहे. ‘सर प्लीज मर्ज, अर्जंट’ यातल्या ‘प्लीज’ने तो झाकला जात नाही. लायसन्स वाचलंत तर त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की वस्तू जशी आहे तशी देतोय, कसलीही हमी नाही. तिथे हक्काने अर्जंट म्हणायची सोय नाही. त्या पुरानंतर काही लोकांनी सरसकट सगळ्या भारतीयांना झोडपलं. तेही तितकंच गैर, आणि त्याच आचारसंहितेत बसणारं. पण आपण आधी आपलं अंगण झाडावं.

नियम नेमका कुठे लागतो ते एका साध्या नकारात दिसतं. समजा पॅच चुकलाय. एक उत्तर असं : ‘एवढंही येत नाही तर येता कशाला?’ दुसरं असं : ‘हा पॅच घेता येणार नाही. लॉक सोडल्यानंतर तुम्ही तो पॉइंटर वापरताय. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ती मेमरी मोकळी केली तर क्रॅश होईल. लॉक सोडायची ओळ खाली घेऊन पुन्हा पाठवा.’ यातलं जास्त कडक कोणतं? दुसरं! त्यात सुटायला जागाच नाही. पहिल्या उत्तरात चूक काय हेच सांगितलेलं नाही. ते सांगायचे कष्ट वाचवले आणि वर रुबाब केला. आणखी एक तिसरं उत्तर असतं, ‘छान प्रयत्न, बघू या’, आणि मग सहा महिने शांतता. हे वागणं कुठल्याच समितीपुढे जात नाही, पण मी ते शिवीच्याच रांगेत बसवेन. नको असेल तर नको म्हणा, लवकर म्हणा.

आचारसंहितेचा गैरवापर होतो का? होतो. वाद हरत आल्यावर ‘तुमचा सूर मला खटकला’ म्हणून अंग काढून घेणारे मी पाहिलेत. बाहेरच्या लोकांची झुंड गोळा करून एका मेंटेनरवर सोडणं हाही ओपन सोर्समधला अलीकडचा रोग आहे, आणि तो बऱ्याचदा न्यायाच्या नावाने चालतो. त्यासाठीच तक्रार बंद खोलीत ऐकणारी, दोन्ही बाजू विचारणारी, निर्णयाचं कारण लिहून ठेवणारी माणसं हवीत. शिक्षेच्याही पायऱ्या हव्यात. कॉन्ट्रिब्यूटर कव्हनन्टच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या दिलेल्या आहेत : आधी चूक दाखवणं, मग इशारा, मग काही काळ बंदी, आणि शेवटी कायमची. पहिल्या चुकीला कुणाला हाकलून देऊ नये आणि दहाव्या चुकीला कुणाला पाठीशी घालू नये, एवढी समज त्यात आहे.

तक्रारी ऐकण्याचं हे काम वेळखाऊ आणि नकोसं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तेही फुकटात करवून घेतात. ज्या कंपन्यांचा धंदा या फुकटच्या कोडवर उभा आहे, त्यांनी एखाद्या कॉन्फरन्समध्ये स्टॉल लावण्याऐवजी आपल्या एका अनुभवी माणसाचे आठवड्यातले चार तास अशा समितीला द्यावेत, पगारी. हिंजवडीत आणि खराडीत हे करता येण्यासारख्या कंपन्या आहेत.

आणि कॉलेजांत ओपन सोर्सचे क्लब चालवणाऱ्यांना एक विनंती. गिट शिकवायच्या दिवशी, पहिल्या कमिटच्या आधी, क्लबच्या स्वतःच्या रेपोत आचारसंहितेची फाइल टाका. तक्रार कुणाकडे करायची ती दोन नावं तिच्यात लिहा. दोघांपैकी एक क्लबच्या बाहेरचं असू द्या, आणि क्लबच्या अध्यक्षाविरुद्ध तक्रार आली तर ती कुठे जाईल, तेही त्याच फाइलमध्ये, अध्यक्षाच्याच हाताने, लिहून घ्या.